शिरड शहापूर, जिल्हा कोणता?

परदेशी जायचं म्हटलं की हॉस्टेलवर चर्चा सुरू होते ती जीआरई, आयईएलटीएस आणि युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची. मीही चार वर्षं तीच चर्चा केली. नंतर इथेच लॅबमध्ये नोकरी करताना ऐकलीसुद्धा. आता स्वतः जर्मनीला एम.एस.साठी निघालोय, तेव्हा सांगतो: माझं घोडं इंग्रजीवर अडलं नाही, जर्मनवरही नाही. ते अडलं "तुझा जिल्हा कोणता?" या प्रश्नावर.

माझं गाव शिरड शहापूर. औंढ्याहून वसमतकडे येताना लागतं, जैन मंदिरामुळे बाहेरच्यांनाही थोडंफार माहीत आहे. माझा जन्म १९९८ चा आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्यामुळे जन्माच्या नोंदीत जि. परभणी, शाळेच्या टी.सी.वर जि. हिंगोली. दोन्ही कागद खरे! इंग्रजीत तर आणखी गंमत. एका कागदावर गाव नुसत्या 'एस'ने सुरू होतं, दुसऱ्यावर 'एस-एच'ने, आणि शहापूरमधला मधला 'ए' कधी असतो, कधी गायब. आपल्याला हे एकच गाव आहे, पण टेबलापलीकडच्या माणसाला ती तीन गावं दिसतात.

हा त्रास माझ्या एकट्याचा नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. त्या जिल्ह्यांतली निम्मी पोरं आपल्याच विंगमध्ये आहेत. त्यांच्या एका कागदावर जुनं नाव असणार, दुसऱ्यावर नवं. मी केलेली चूक करू नका. मी आधी जुनी नोंद 'दुरुस्त' करायला पळालो. ती चुकलेली नव्हतीच, त्या दिवशी जिल्हा परभणीच होता. जुना कागद जसा आहे तसाच ठेवायचा आणि नव्या अर्जात सगळीकडे एकच स्पेलिंग लिहायचं, बस. मी पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरलं.

नावाचंही तसंच. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि वेगळ्या ओळीत आईचं. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने: एक आडनावाचा, दुसरा उरलेल्या नावाचा. त्या दुसऱ्यात वडिलांचं नाव घातलं की तिकडच्या सगळ्या कागदांवर ते तुमचंच नाव म्हणून येतं. बाबांना हे सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, "म्हणजे मी पण चाललो की रे!" आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, पुढे प्रत्येक फॉर्मवर तो आडवा येतो.

पासपोर्टसाठी जन्मदाखला लागतोच असं नाही. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना टी.सी., पॅन वगैरे चालतं. त्यानंतर जन्मलेल्या भाच्या-पुतण्यांना मात्र जन्मदाखलाच लागेल. मग मी दाखल्यामागे का लागलो? कारण शिकून परत यायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिकडे राहायचं, लग्न करायचं, मूल झालं तर त्याची नोंद करायची, तर दाखला मागतातच. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये माझ्या नोंदीपुढे नाव नव्हतं, नुसतं 'पुरुष'. त्या काळी बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची आणि नाव घालायला परत कोणी जायचं नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा आपापली नोंद डोळ्यांनी बघून या. हे काम गावातूनच होतं, म्युनिकमधून नाही.

पासपोर्टच्या अर्जात गेल्या वर्षभरातले पत्ते विचारतात. त्यामुळे हॉस्टेलवाल्यांनी हॉस्टेलचा पत्ता लपवू नये. आणि दहावीची सनद जोडा, म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का बसत नाही.

आता आपल्या डिपार्टमेंटच्या आवडीचा विषय, म्हणजे सूत्र. जर्मनीत मार्क उलटे: १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे कसाबसा पास. आपला सीजीपीए तिकडे असा बदलतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान पास-गुणांनी भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. माझा सीजीपीए ७.६. पासिंग ४ धरलं तर उत्तर येतं २.२. पासिंग ५ धरलं तर २.४४. बऱ्याच कोर्सची हद्द २.५ असते, म्हणजे एका आकड्यावर तुम्ही काठावर येता. म्हणून किमान पास-ग्रेड किती, हे लिहिलेलं पत्र परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. मला ते मिळवायला पाच चकरा झाल्या, पण मिळालं.

अपॉस्टिलबद्दल एजंट फार घाबरवतात. हेगच्या १९६१ च्या करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच देशांना तो शिक्का चालतो. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली होती, म्हणून तिथे आपल्या अपॉस्टिलचा उपयोग नाही. विद्यार्थ्यांसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसची तपासणी सक्तीची आहे. माझा रूममेट मात्र अपॉस्टिलचे पैसे भरून मोकळा झाला. असो.

पैशाचं सांगताना जरा जड जातं. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी बारा लाखांच्या घरात जातं. आमच्याकडे चार एकर शेत आहे, हळद आणि सोयाबीन. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण घेत नाही. घर? घर गावठाणात, हातात नमुना ८ चा उतारा. तो घरपट्टीचा कागद, मालकीचा नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पुढच्यासाठी लागतं. शेवटी मामांनी वसमतचा एन.ए. प्लॉट तारण दिला. मामा एक शब्द बोलले नाहीत. मामी मात्र चहा ठेवताना एवढंच म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाला ठेवलेला होता." ते मी विसरणार नाही. तुमच्या गावात स्वामित्व योजनेची मोजणी झाली असेल तर घराचं प्रॉपर्टी कार्ड निघालंय का, एवढं आजच फोन करून विचारा. ते हातात असतं तर मामांच्या दारात जायच्या आधी मला बँकेशी बोलता तरी आलं असतं. अनुसूचित जातीच्या मित्रांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी.

बॅगेबद्दल थोडक्यात. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर चालेल. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तिथे तो नुसता कण्हेल. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे घरीच राहणार. हे आईला अजून सांगितलेलं नाही. पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचं पत्र लागतं. तेव्हा खोली घेतानाच ते देणार का, हे विचारून घ्या.

बाबांनी परवा विचारलं, "तिकडं हळद मिळती का?" मिळते म्हणालो. तरी किलोभर दळून ठेवलीय, घरच्या शेतातली.

माझी फाईल लॅबमधल्या कपाटात आहे, प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्ससकट. सप्टेंबर अखेरपर्यंत मी इथेच आहे. दुपारी चारनंतर या, बघा, हवं ते झेरॉक्स करून न्या. मूळ कागद मात्र त्याच क्रमाने परत लावा.