गुडघ्यांतील काळी छाया

घरांत कोणाचा गुडघा सुजला कीं "वात आहे" असें म्हणून आपण मोकळे होतों. मीही तसाच मोकळा झालों होतों. तिशीच्या आंतील पुतण्याचा उजवा गुडघा हळूहळू फुगूं लागला. वेदना बेताची, जिना उतरतांना मात्र सांधा मध्येंच अडके. मीं वडीलकीच्या अधिकारानें निर्गुंडीचा शेक सांगितला. पुढें क्ष-किरणांचें चित्र काढलें, त्यांत हाडें निर्दोष निघालीं, आणि सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. या निःश्वासांत दीड वर्ष गेलें.

क्ष-किरण राँटगेननें १८९५ सालीं शोधले. हाड त्यांना अडवितें म्हणून तें चित्रांत उमटतें. परंतु सांध्याचें आंतील नाजुक अस्तर, स्नायुबंध, कूर्चा यांतून ते बहुतेक तसेच निघून जातात. रोग अस्तरांत असेल तर चित्र दीर्घकाळ स्वच्छ दिसूं शकतें. अखेर सुईनें गुडघ्यांतील पाणी काढलें, तें तपकिरी, रक्तमिश्रित निघालें. तेव्हां अस्थिरोगतज्ज्ञांनीं विचारलें, "घराण्यांत जखमेचें रक्त लवकर न थांबणारें कोणी आहे काय?" प्रश्न चमत्कारिक वाटला, त्याचें मर्म पुढें कळलें.

मग एम्. आर्. आय्. चें चित्र काढलें. या विद्येबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. येथें क्ष-किरण नाहींतच. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत शरीरांतील हायड्रोजनचीं केंद्रकें रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. पाण्याचा प्रतिसाद निराळा, चरबीचा निराळा. (हृदयगतीचें यंत्र किंवा धातूचा तुकडा अंगांत असल्यास तें आधींच सांगावें, तेथें संकोच नको.) लोह असलें कीं तेथील चुंबकक्षेत्र बिघडतें व चित्रांत काळा डाग पडतो, कांहीं पद्धतींत तर मूळ आकाराहून मोठा. पुतण्याच्या अस्तरावर असेच काळे गोळे होते. गांठाळलेल्या अस्तरांत वारंवार रक्त झिरपून त्यांतील लोह सांचलेलें! जॅफे, लिक्टेनस्टाइन व सुट्रो यांनीं १९४१ सालीं या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. हा कर्करोग नव्हे. पण कूर्चा आणि हाड कुरतडतो. रक्त न गोठण्याची व्याधि असलेल्या माणसाच्या सांध्यांतही असेंच लोह सांचतें, म्हणून तो प्रश्न.

याचा एक दुर्मिळ सोबती आहे. त्यांत अस्तरावर चरबीचे झुपके फांद्यांसारखे फुटतात. त्याच्या लॅटिन नांवांत वृक्ष दडला आहे, हें ऐकून माझ्यांतील जुना संस्कृत मास्तर सुखावला. चरबीचा प्रतिसाद मुद्दाम दाबला कीं हे झुपके काळवंडतात व ओळख पटते.

तथापि चित्र हें अनुमानच. धुरावरून अग्नि ओळखावा, हें मीं तर्कसंग्रहांत घोकलें होतें. परंतु क्षयानेंही हेंच अस्तर सुजतें, तेव्हां तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच निश्चय झाला. नंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें अस्तर काढलें. तें पुन्हा उद्भवूं शकतें, असें आम्हांस स्पष्ट बजावण्यांत आलें.

पुतण्या आतां जिना नीट उतरतो. कूर्चेची एक कड मात्र झिजली ती झिजलीच. ती माझ्या दीड वर्षाच्या शेकाची. पुढील चित्र चैत्रांत काढावयाचें आहे.