लिलीवरचा लाल भुंगेरा

लाखेसारखा लालभडक, तुकतुकीत, जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर लांब. दिसायला देखणा, पण पाहता पाहता लिलीचा नुसता दांडा उरवतो. इंग्लंडात १९३९ साली सरे परगण्यात त्याने बस्तान बसवलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये तो १९९२ साली सापडला.

खरा फडशा पाडतात त्या अळ्या. स्वतःचीच विष्ठा त्या पाठीवर थापून घेतात. पानावर पक्ष्याने घाण केली असं वाटून आपण हात लावत नाही, आणि तिथेच फसतो. हातमोजे घाला, ओल्या फडक्याने पुसून काढा. पानामागे नारिंगी-लाल अंड्यांची ओळ दिसली तर तिथेच चिरडा.

भुंगेरा पकडायला सबुरी लागते. चाहूल लागताच तो टपकन खाली पडतो, तोही उताणा. काळं पोट मातीत मिसळून जातं. म्हणून आधी खाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरा, मगच पान हलवा. वसंतापासून रोज एक फेरी हवीच. घरच्या बागेत विषारी फवारणी नकोच. फुलांवर मधमाश्या येतात, त्यांचा जीव जातो.

ऱ्होड आयलंड विद्यापीठाने या किडीच्या अळ्यांत अंडी घालणाऱ्या, चिलटाएवढ्या गांधीलमाश्या युरोपातून आणून सोडल्या. हा मार्ग मला सगळ्यांत आश्वासक वाटतो.

आपल्याकडे सुदर्शन किंवा स्पायडर लिली कुरतडणारी काळी, पांढऱ्या-लाल ठिपक्यांची अळी मात्र पतंगाची असते.