रात्री दहानंतरचा रॉक

अंधेरी-बोरिवलीच्या माणसाला नेरूळ लांब पडतं. डी. वाय. पाटील स्टेडियमचं नाव निघालं की तो आधी गाड्या कुठे बदलाव्या लागतील याचा हिशेब करतो, तिकिटाचा विचार नंतर. महाडजवळच्या बिरवाडीच्या माणसाला हे गाऱ्हाणं समजत नाही. महाड सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल, आणि रस्ता मोकळा असेल तर पनवेलपासून अर्ध्या तासावर नेरूळ. वाशीची खाडीसुद्धा ओलांडावी लागत नाही. जगातले मोठे बँड मुंबईला येतात असं छापून येतं खरं, पण अलीकडे त्यातले काही रायगडच्या वेशीपर्यंत येऊन थांबतात.

पूर्वी असं नव्हतं. 1986 मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला तो धोबी तलावच्या रंगभवनात. आजूबाजूला कॉलेज आणि रुग्णालयं. शांतता क्षेत्राचे नियम कडक झाल्यावर रंगभवनातले ड्रम गप्प झाले. 1 नोव्हेंबर 1996 ला मायकल जॅक्सन आला अंधेरीच्या क्रीडासंकुलात. शिव उद्योग सेनेच्या त्या कार्यक्रमाला सरकारने करमणूक कर माफ केला, त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली, आणि तीन कोटींहून अधिक रकमेचा तो वाद राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2021 मध्ये पुन्हा माफी मंजूर करेपर्यंत रेंगाळला. तोवर जॅक्सनला जाऊन अकरा वर्षं झाली होती. 2003 च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबर्नवर वाजवून गेले. चर्चगेट स्टेशन तिथून चालत. त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानाचे दिवस आले : 2007 ला रॉजर वॉटर्स, 2008 ला आयर्न मेडन, 2012 ला गन्स अँड रोझेस. 19 नोव्हेंबर 2016 ला ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सवात कोल्डप्ले तिथेच वाजवून गेला. नोटाबंदीला जेमतेम अकरा दिवस झाले होते. खिशातल्या पाचशेच्या नोटेला बाजारात किंमत उरली नव्हती. नेरूळचं स्टेडियम 2008 मध्ये उघडलं ते क्रिकेटसाठी. 15 डिसेंबर 2019 ला यू-टूने आपल्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम तिथे केला. आणि मग आला कोल्डप्ले, दुसऱ्यांदा.

22 सप्टेंबर 2024, रविवार, दुपारी बारा. अनंत चतुर्दशी होऊन पाचच दिवस झालेले. बुकमायशोवर तिकीटविक्री सुरू व्हायची होती, पण बाराच्या आधीच साइट आणि अ‍ॅप कोलमडलं. एक कोटीहून जास्त लोक रांगेत होते, आणि रांगेतला आपला नंबर पाच-सहा आकडी दिसत होता. जानेवारीचे 18 आणि 19 हे दोन दिवस आधीच जाहीर होते, त्यात त्याच दिवशी 21 तारखेची भर पडली. तीही तिकिटं हां हां म्हणता संपली. दर अडीच हजारांपासून साडेबारा हजारांपर्यंत, लाउंजचं तिकीट 35 हजार. थोड्याच वेळात तीच तिकिटं पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांत झळकू लागली.

शहरातल्या पोरांना हा धक्का होता. कोकणातल्यांना यात नवीन ते काय! गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण ज्या सकाळी उघडतं, त्या सकाळी आठला बोट स्क्रीनवर ठेवून बसायचं आणि दोन-तीन मिनिटांत तीन आकडी प्रतीक्षा यादी बघायची, हा वार्षिक विधी इथल्या घराघरात पाठ आहे. घरातल्या चौघांनी चार मोबाइलवर बसायचं, पैसे भरायची माहिती आधीच भरून ठेवायची, एकाचं लागलं की बाकीच्यांनी उठायचं, ही युक्ती कोल्डप्लेच्या तिकिटालाही तशीच्या तशी लागू पडते. दलालही तसाच.

दलालांचं पुढे काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या वरिष्ठांना चौकशीला बोलावलं. कंपनीचं म्हणणं असं की पुनर्विक्री करणाऱ्यांशी आपला संबंध नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पाच राज्यांत छापे घातले. उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळली गेली. कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, असा न्यायालयाचा रोख होता. तिकीट हाती नसलेल्याच्या हाती शेवटपर्यंत काही लागलं नाही.

तिकीट मिळालंच, तर पुढचा प्रश्न राहण्याचा. त्या तीन दिवसांत नेरूळ-वाशीच्या हॉटेलांचे दर लाखांत गेल्याच्या बातम्या छापून आल्या. इथे मात्र कोकणाची बाजू भक्कम. लालबाग-परळच्या खोल्या सुटल्या तरी चाकरमानी नाहीसा झालेला नाही, तो कामोठे, कळंबोली, खारघरला सरकला आहे. नेरूळच्या कॉन्सर्टला बिरवाडीहून जाणाऱ्याचा एखादा मामा नाहीतर आतेभाऊ हार्बर लाइनवर सापडतोच. मावशीला फक्त एवढंच समजावायचं की हा भजनाचा कार्यक्रम नाही आणि जेवायला यायला साडेअकरा वाजतील.

ज्यांचं कुणी नाही किंवा ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचंय, त्यांची खरी परीक्षा रात्री दहानंतर. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. वर्षातले मोजके दिवस सोडले तर मध्यरात्रीची सवलत नाही. त्यामुळे परदेशी बँडसुद्धा इथे घड्याळ बघून वाजवतात आणि पन्नास हजारांच्या आसपास माणसं एकाच पंधरा मिनिटांत फाटकाकडे वळतात. येताना ती दुपारी तीनपासून सातपर्यंत विखरून आलेली असतात. जाताना तसं होत नाही, आणि धोका तिथेच असतो. दार एक आणि माणसं फार, हे गणित येतानाही जिवावर बेततं : नोव्हेंबर 2023 मध्ये कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरची गर्दी आत घुसली, आणि पायऱ्यांवर चेंगरून चौघांचा जीव गेला.

कार्यक्रम झालाच नाही तर? 28 ऑक्टोबर 2011 ला गुरगावला मेटॅलिका येणार म्हणून देशभरातून पोरं जमली होती. ऐन वेळी कार्यक्रम रद्द झाला आणि चिडलेल्या गर्दीने मंच मोडला. दोन दिवसांनी तोच बँड बंगळूरला व्यवस्थित वाजवून गेला. तिकिटाचे पैसे परत मिळतातही. रेल्वेच्या भाड्याचे आणि पडलेल्या खाड्याचे कोण देणार?

नेरूळला 2025 च्या जानेवारीत नवी मुंबई पोलिसांनी अवजड वाहनांना बंदी केली होती, आणि गोरेगावहून नेरूळपर्यंत खास लोकल सोडली गेली होती. उपनगरांची सोय झाली. रोह्याच्या पलीकडच्या माणसाला ती काय उपयोगाची? त्याने नेरूळ स्टेशनच्या जिन्यावरची गर्दी ओसरू द्यायची, मिळेल ती पनवेल लोकल धरायची, आणि पनवेलच्या एसटी स्टँडवर महाड, पोलादपूर, खेड, चिपळूणकडे जाणाऱ्या रातराण्यांची वाट बघत उभं राहायचं. गाडी मुंबईतूनच भरून आलेली असेल तर माणगावपर्यंत दांडीला लोंबकळत. दुसरा पर्याय मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस. केशवसुतांच्या कवितेचं नाव मिरवणारी ही गाडी रॉकवाल्यांना शोभते खरी, पण वीर स्टेशनवर उतरलं की पहाटेच्या अंधारात महाडपर्यंतही काही मिळत नाही, बिरवाडी तर त्याच्या पुढे दहा-बारा किलोमीटर. पहिली मिनिडोर रिक्षा उजाडल्याशिवाय हलत नाही.

मुलींना यात एकच सवलत आहे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. अख्ख्या कोल्डप्लेच्या खर्चात सूट मिळते ती एवढीच. पुरुषांचं नशीब म्हणजे एसटीची जवळपास 15 टक्क्यांची भाडेवाढ 25 जानेवारी 2025 ला लागू झाली. नेरूळचा शेवटचा कार्यक्रम तेव्हा चारच दिवसांपूर्वी आटोपला होता.

म्हणून हल्ली पाच-सहा जणांनी मिळून गाडी ठरवण्याकडे कल आहे. डिझेल, टोल, ड्रायव्हरचं जेवण वाटून घेतलं की माणशी खर्च आवाक्यात येतो. महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय, त्यामुळे कुठे वळण लागेल आणि कुठे खड्डा, हे ठाऊक असलेला स्थानिक ड्रायव्हरच हवा. तिकीट नसलेला तो एकटा बाहेर राहतो. स्टेडियमच्या आसपास गाडी थांबवू देत नाहीत, तेव्हा तो पुढे जातो, कुठेतरी वडापाव खातो, सीट मागे पाडून झोपतो. कार्यक्रम सुटल्यावर त्याला फोन लावायचा बेत हमखास फसतो, कारण एकाच टॉवरवर पन्नास हजार फोन व्हिडिओ पाठवत असतात आणि कुणाचाच फोन लागत नाही. तिकिटाचा क्यूआर कोडही याच कारणाने घरून निघतानाच सेव्ह करून ठेवायचा असतो. फाटकावर तो उघडत नाही आणि मागचे ओरडायला लागतात. पॉवर बँक आत नेऊ देत नाहीत, मोठी बॅग नाही, पाण्याची बाटली नाही. म्हणजे रात्री दहाला बॅटरी चार टक्के आणि घसा कोरडा. जाणकार मंडळी उतरतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवतात : फोनची वाट बघू नकोस, साडेदहाला उरण फाट्याला पनवेलच्या बाजूला उभा राहा, आम्ही चालत येतो.