पोलीस ठाण्याच्या कारभारावर नागरी देखरेख

गावाचा कारभार सुरळीत चालावयाचा, तर कायदा व सुव्यवस्था राखणारी यंत्रणा सक्षम हवी आणि ती लोकांच्या विश्वासासही पात्र हवी. पोलीस दल आपल्या वरिष्ठांना जबाबदार असतेच. परंतु दलाबाहेरील नागरी अधिकारी व लोकप्रतिनिधी यांचीही त्यावर दृष्टी असावी, हे तत्त्व आपल्या कायद्याने स्वीकारले आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य आणि शिक्षक यांच्याकडे ग्रामस्थ सल्ल्यासाठी येतात. म्हणून या व्यवस्थेचे स्वरूप त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

गावपातळीवरील दुवा

अकोला-वाशीम मार्गावरील पातूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तालुक्यात पातूर व चान्नी येथे पोलीस ठाणी आहेत. डोंगराळ भागातील गावांना ठाणे दूर पडते. तेथे शासनाचा पहिला प्रतिनिधी म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी संपल्यानंतर महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये या पदाची रचना झाली. पोलीस पाटील पोलिसांना साहाय्य करतो. तथापि तो ठाण्याचा नोकर नव्हे. त्याची नेमणूक महसूल यंत्रणेकडून होते, आणि गावातील गुन्ह्यांची स्थिती व लोकांची सर्वसाधारण परिस्थिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळविणे हे त्याचे कर्तव्य आहे. याचा अर्थ असा की, गावाची हकीकत ठाण्याखेरीज दुसऱ्या मार्गानेही शासनापर्यंत पोहोचते.

जिल्हापातळीवरही हेच सूत्र दिसते. पूर्वीचा मुंबई व आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम १७ नुसार जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली असते.

तक्रार नोंदवली न गेल्यास

समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून बैलजोडी चोरीस गेली आणि ठाण्यात नोंद घेण्यास टाळाटाळ झाली. अशा वेळी हताश होऊन परतण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यात देता येते व तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तक्रार प्राधिकरण

पोलिसांच्याच गंभीर गैरवर्तनाबाबत स्वतंत्र व्यवस्था आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात राज्यांना निर्देश दिले. त्यांस अनुसरून महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात सुधारणा केली व राज्य तसेच विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांकडे असते आणि सदस्यांत नागरी समाजातील व्यक्तीचाही समावेश असतो. कोठडीतील मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, विहित पद्धत डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणे अशा तक्रारी त्याच्या कक्षेत येतात. प्राधिकरण चौकशी करून अहवाल शासनाकडे सादर करते.

यापुढील पाऊल २ डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पडले. प्रत्येक ठाण्यात ध्वनिमुद्रणासह कॅमेरे बसवून चित्रण किमान एक वर्ष जतन करावे आणि जिल्हा देखरेख समितीने त्यावर लक्ष ठेवावे, असे ठरले. या समितीत महसूल अधिकाऱ्यांबरोबरच ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या प्रमुखांनाही स्थान देण्यात आले. कोठडीच्या दारापर्यंत लोकप्रतिनिधीची नजर पोहोचावी, हा त्यामागील हेतू होय.

मनुष्यबळाचा प्रश्न

पुरेसे कर्मचारी नसतील तर उत्तम अधिकारीही हतबल ठरतो. ठाण्यांतील पदे राज्य शासन मंजूर करते. ग्रामपंचायत ती वाढवू शकत नाही. मात्र मंजूर व भरलेली पदे किती, हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये विचारता येते, आणि त्या आधारे केलेली मागणी अधिक वजनदार ठरते. वारंवार होणाऱ्या बदल्यांनी तपास खंडित होऊ नये, म्हणून २०१४ च्या सुधारणेने ठाण्यातील अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, तर शिपाई वर्गाचा पाच वर्षांचा ठरविला आहे.

मर्यादा आणि कर्तव्य

देखरेख म्हणजे तपासातील हस्तक्षेप नव्हे. अमक्यास पकडा, तमक्यास सोडा, असे सांगण्याचा अधिकार सरपंचास नाही आणि ग्रामसभेसही नाही. प्रामाणिक पोलीस कर्मचाऱ्याला अशा दडपणापासून संरक्षण मिळावे, हाही या तरतुदींचा उद्देश आहे.

मात्र कायद्याने बांधलेल्या या पायऱ्या चढणारा कोणी नसेल, तर त्या कागदावरच राहतील. तक्रारदारास अर्ज लिहून देणे, त्यावर तारीख घालणे, पोच घेण्यास सांगणे आणि पुढील मार्ग दाखविणे एवढे साहाय्य गावातील शिक्षक वा पंचायत सदस्य सहज करू शकतात. निरक्षर शेतमजुराला न्यायाच्या दारापर्यंत नेण्यास बहुधा एवढाच आधार हवा असतो.