डीजेची स्वतःची शैली कशी घडते

डीजे वाजवतो ती गाणी बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणी रचलेली, गायलेली आणि ध्वनिमुद्रित केलेली असतात. तरीही कानसेन माणूस थोडा वेळ ऐकून कोण वाजवत आहे ते सांगू शकतो. यमन राग तोच असला तरी किराणा घराण्याचा गायक आणि जयपूर घराण्याचा गायक चार स्वरांत वेगळे कळतात, तसेच हे आहे. ही ओळख हातातल्या कसबामुळे होते, असा सर्वसाधारण समज आहे. कसब लागतेच, पण शैलीचे मूळ त्याच्याही आधी, गाण्यात त्या डीजेला नेमके काय ऐकू येते यात असते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातले आहे. जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवत होता. अशा पार्ट्यांमध्ये त्याने एक गोष्ट हेरली होती. गाणे थांबून नुसते ड्रम आणि तालवाद्ये उरतात, त्या काही सेकंदांची नाचणारी मुले वाट पाहत असत. या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच पुन्हा लावू लागला. काही सेकंदांचा तुकडा कितीतरी मिनिटे चालू लागला आणि त्यातून हिपहॉपचा पाया घातला गेला. आपली निवड इतरांना कळू नये म्हणून हर्क रेकॉर्डवरची लेबले भिजवून काढून टाकत असे.

त्याच भागातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशला हर्कची कल्पना आवडली, पण एका तबकडीवरून दुसरीवर जाताना ठेका तुटतो, हे त्याला खटकले. हर्क अंदाजाने सुई टेकवायचा. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या फ्लॅशला अंदाज मान्य नव्हता. त्याने तबकडीवर मेणखडूने खूण केली. ब्रेक पुन्हा सुरू करायला तबकडी किती फेरे मागे न्यायची, हे त्या खुणेवरून मोजता येई. टर्नटेबलवरचा रबरी थर मात्र तबकडीला घट्ट धरून ठेवत होता. म्हणून त्याने फेल्टचा गोल तुकडा कापला, त्याला स्टार्च मारून कडक इस्त्री केली आणि तो तबकडीखाली ठेवला. आता खालचे चाक फिरत राही आणि वरची तबकडी हाताने थोपवता, मागे नेता, अचूक सोडता येई. हर्क आणि फ्लॅश यांच्या संग्रहातल्या कितीतरी रेकॉर्ड सारख्याच होत्या. जे खटकले ते दुरुस्त करण्याच्या खटपटीतून फ्लॅशची शैली तयार झाली.

अगदी उलट टोकाला डेव्हिड मान्कुसो होता. १९७० पासून तो न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी, ‘द लॉफ्ट’मध्ये, पार्ट्या करत असे. पुढे त्याने दोन गाणी एकमेकांत मिसळणेच सोडून दिले. गाणे पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत वाजवायचे, मग पुढचे लावायचे. सगळी मेहनत ध्वनियंत्रणेवर आणि गाण्यांच्या क्रमावर. मिक्सिंग न करणारा माणूस डीजेंच्या कित्येक पिढ्यांचा आदर्श ठरला, हे नवोदितांनी आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शैली पक्की व्हायला एकच जागा आणि तोच श्रोतृवर्ग दीर्घकाळ मिळावा लागतो. लॅरी लेव्हन आणि फ्रँकी नकल्स हे दोन डीजे न्यूयॉर्कचे मित्र. दोघांनी सुरुवात एकाच ठिकाणी केली. १९७७ मध्ये नकल्स शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये गेला, लेव्हन न्यूयॉर्कच्या ‘पॅराडाइज गराज’ क्लबमध्ये १९८७ पर्यंत राहिला. शिकागोच्या लोकांना जास्त टोकदार, न थांबणारा ठेका हवा होता. त्यासाठी नकल्सने डिस्को गाणी टेपवर घेऊन कापली, जोडली, लांबवली. पुढे त्यांच्याखाली ड्रम मशीनचा ठेका घातला. हाउस संगीताचा उगम त्यात आहे. लेव्हनचे सारे लक्ष आवाजाच्या पोतावर होते. रात्र चढेल तशी तो टर्नटेबलवरची सुईची कार्ट्रिज बदलून अधिक चांगली बसवत असे.

अडचणही शैली घडवते, याचा दाखला गोव्यात आहे. अंजुणा परिसरातल्या किनाऱ्यांवर विदेशी डीजे रात्रभर वाजवत, तेव्हा उष्णता आणि धूळ यांत व्हिनाइलच्या तबकड्यांचा निभाव लागत नसे. म्हणून तिथे कॅसेट आणि नंतर डिजिटल टेप वापरात आल्या. त्या टेपच्या यंत्रांवर गती कमीजास्त करण्याची सोय नसल्यामुळे दोन गाण्यांचे ठेके जुळवणे जमत नसे. मग गाण्यांना ठेक्याविना लांबलचक सुरुवात आणि शेवट ठेवले गेले आणि एकातून दुसऱ्यात जाणे त्या तरंगत्या भागात होऊ लागले. गोवा ट्रान्स या संगीतप्रकाराच्या रचनेवर याचा ठसा उमटला.

आज ठेका जुळवणे यंत्र एका बटणावर करते आणि पडद्यावर गाण्याची लहर दिसते. त्यामुळे निव्वळ अचूकतेवर वेगळेपण दाखवणे अवघड झाले आहे. खरा फरक निवडीत, क्रमात आणि वेळेत पडतो. पुढचे गाणे आठव्या मात्रेवर आणायचे की बत्तीसाव्या. आधीच्याचा बास कधी काढून घ्यायचा. गायिकेचा आवाज एकटा किती वेळ ठेवायचा, हे निर्णय माणसाचे आहेत. ते घेता येण्यासाठी मोजकी गाणी आतून-बाहेरून पाठ हवीत. हजारो फाइल्स वरवर माहीत असण्यापेक्षा दोनशे गाण्यांतली प्रत्येक जागा माहीत असणे जास्त उपयोगी. स्वतःचे सेट ध्वनिमुद्रित करून काही दिवसांनी ऐकणे हा सर्वांत कठोर आणि सर्वांत चांगला सराव. वाजवताना जोशात न कळलेली घाई त्यात लगेच उघडी पडते. सुरुवातीला आवडत्या डीजेची नक्कल होणारच आणि व्हावी. तिच्यातले काय पेलत नाही आणि काय पटत नाही, यातूनच स्वतःची वाट दिसते.

मराठी डीजेपुढे मराठी गाण्यांचे आणि लोकगीतांचे समृद्ध भांडारही आहे. क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ने २०२४ मध्ये मराठी शब्द हाउसच्या ठेक्यावर किती सहज बसतात ते दाखवले. पण हाउसचा सरळ चार मात्रांचा ठेका कुठल्याही लोकगीताखाली घालून भागत नाही. अनेक कोळीगीते सहा मात्रांच्या झुलत्या लयीत चालतात. तिथे गाण्याला चारांत कोंबायचे की ठेकाच बदलायचा, हे ठरवावे लागते. जो गाण्याची लय राखून ठेका बदलतो, त्याचेच काम टिकाऊ होते.

हे सारे तासाभराच्या कार्यक्रमात शिकता येत नाही. मुंबई-पुण्यातल्या क्लबचालकांनी नव्या डीजेला महिन्यातून एक ठरलेली रात्र आणि रिकाम्या सभागृहापासून शेवटच्या गाण्यापर्यंतचा पूर्ण वेळ द्यावा, आणि तो किमान वर्षभर द्यावा.