अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिली शिकार

वर्गात प्रश्न विचारणारी मुले मला फार आवडतात, असे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो. ते तितकेसे खरे नाही, हे मला २०२३ च्या डिसेंबरात कळले. व्यंकटेश माडगूळकरांविषयी बोलत होतो. माणूस आमच्याच भागातला. त्यांचे माडगूळ तेव्हा औंध संस्थानात होते, आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. खांद्यावर बंदूक टाकून रानोमाळ हिंडलेला हा लेखक पुढे वही घेऊन त्याच ओढीने रानात कसा जाऊन बसू लागला, हे मी रंगात येऊन सांगत होतो. ओघात सांबर आले. सांबराचे कान, सांबराची चाल, पाण्यावर उतरतानाची त्याची सावधगिरी. तेवढ्यात मागच्या बाकावरून पाटणकडची एक मुलगी उठली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "सर, तुम्ही कुठं पाहिलंत सांबर?"

मी वळून फळा पुसला. फळ्यावर काहीही लिहिलेले नव्हते.

वाचकहो, खरे सांगायचे तर सांबर मी फक्त उगाळलेले पाहिले होते. आजीच्या बटव्यात साबरशिंगाचा बोटभर तुकडा असे. बरगडीत उसण भरली, छातीत दुखू लागले, की सहाणेवर चार वेढे द्यायचे आणि कोमट लेप लावायचा. सह्याद्रीच्या पायथ्याशी अठ्ठेचाळीस वर्षे काढलेल्या मराठीच्या प्राध्यापकाचा सांबराशी आलेला संबंध एवढाच. बाकी सारे वाचलेले. भानू शिरधनकरांच्या शिकारकथांपासून मारुती चितमपल्लींच्या रानापर्यंत मी खुर्चीत बसून भरपूर पायपीट केली होती.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन आला. हा गृहस्थ मूळचा सांगलीचा, गेली पंचवीस वर्षे कोलोरॅडोत आहे. वय पंचावन्न. म्हणाला, "अरे, पुढच्या वर्षी मी एल्कच्या शिकारीला जातोय. पहिल्यांदाच. वाटाड्या ठरवलाय."

लहानपणी गणपतीघाटावर कुत्रे भुंकले तरी माझ्यामागे लपणारा हा प्राणी! पण त्याची तयारी ऐकून मी गप्प झालो. तिकडे मनात आले आणि बंदूक उचलली असे चालत नाही. शिकारशिक्षणाचा दाखला घ्यावा लागतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा नियम लागू. परवान्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा. मग सोडत. बंदुकीच्या हंगामात अंगावर झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड हवे, तेही किती चौरस इंच ते ठरलेले. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा. आणि एवढे करून एल्क म्हणजे तीन-तीनशे किलोंचा नर. तो पडला तर डोंगरातून खाली आणायचा कसा, याचाही विचार आधीच करायचा. म्हणून हा बाबा रोज पाठीवर पंधरा किलोंची पिशवी घेऊन टेकड्या चढत होता. कोलोरॅडोत आज अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. पण विसाव्या शतकाच्या आरंभी ते इतके मारले गेले होते, की शेजारच्या वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. हे नियम त्या अनुभवातून आलेले आहेत.

मजा अशी की ज्याला अमेरिकन लोक एल्क म्हणतात, त्याला युरोपात एल्क म्हणत नाहीत. तिथला एल्क निराळाच. आणि गेल्या शतकाच्या मागच्या शतकात सिलोनात कॉफीचे मळे लावायला गेलेले इंग्रज एल्क म्हणत, ते आपल्या सांबराला! सॅम्युएल बेकर नावाच्या साहेबाने नुवारा एलियाच्या डोंगरात कुत्री घेऊन ज्या 'एल्क'चा पाठलाग केला, तो सगळा सांबरांचा. हे वाचले आणि मी मनाशी म्हटले, झाले तर मग. एल्क आपल्याकडेही आहे. भावाला वाटाड्या मिळतो, तर आपल्यालाही मिळेल. बंदूक अर्थातच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रश्न निकालात निघाला आहे. साताऱ्याला मात्र शिकारीचे कौतुक जुने. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने धन्याला वाचवले, अशी आख्यायिका सांगतात. समाधी कुत्र्याची आहे, ही गोष्ट मला नेहमी लोभस वाटते.

रात्री जेवताना मी तात्यांना, म्हणजे वडिलांना, भावाचा बेत हसत हसत सांगितला. तात्या तेव्हा शहात्तरीला आले होते. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. त्यांनी घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "त्याला सांग, रक्ताचा माग सोडू नकोस म्हणावं."

मग पासष्ट वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी त्या रात्री सांगितली. आमचे मूळ गाव शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाला. आजोबांकडे, आप्पांकडे, परवान्याची दुनळी बंदूक होती. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राण्यांचा कायदा होता, पण रानात तो कोण वाचत बसणार! १९५९ च्या वैशाखात आप्पांनी अकरा वर्षांच्या तात्यांना मचाणावर नेले. पाणवठ्यावर दबा धरून तहानलेल्या जनावरावर गोळी घालणे चांगल्या शिकाऱ्यांत तेव्हाही कमीपणाचे मानीत. आप्पांनी ते मानले नाही. चांदण्यात सांबर उतरले, चार वेळा थांबले, पाण्याशी आले, मान खाली घातली. तोंड लावणार तोच आप्पांनी बार टाकला. सांबर पडले नाही. उडी मारून झाडीत शिरले. जखमी जनावरामागे रात्री उतरणे शहाणपणाचे नाही, सकाळी बघू, असे आप्पा म्हणाले आणि घोंगडी ओढून झोपले. खालच्या ओढ्यातून रात्रभर आवाज येत होता. सकाळी रक्ताचा माग ओढ्यापर्यंत गेला आणि खडकावर नाहीसा झाला.

"पुढं?" मी विचारले.

"पुढं काय? घरी आलो. आप्पा गेल्यावर बंदूक मी ठाण्यात जमा केली." आणि थोड्या वेळाने, "सांबर पाण्याशी आलं होतं रे, आणि तसंच गेलं."

माझा बेत त्या रात्री बदलला. आधी मला वर्गातल्या मुलीला उत्तर द्यायचे होते, एवढेच. आता मला मचाणावर बसायचे होते.

त्याची सोय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते 'निसर्गानुभव' म्हणून नागरिकांना पाणवठ्यावरच्या मचाणावर बसू देते. पौर्णिमेचा उजेड असतो, रानातले पाणी आटलेले असते, आणि उरलेल्या पाण्यावर कोण कोण येते ते नोंदवायचे. आमच्यासाठी रान म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कोयनेचे अभयारण्य आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली तो झाला. एका अंगाला कोयनेचा शिवसागर, दुसऱ्या अंगाला वारणेचा वसंतसागर. २०२४ ची बुद्धपौर्णिमा २३ मे रोजी होती. मी अर्ज केला, आणि होकार आल्यावर घाबरलो.

कारण शिकारीला बंदूक लागत नसली तरी गुडघे लागतात. मचाणाची शिडी उभी असते. मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढू लागलो. पहिल्या आठवड्यात मंगळाईच्या देवळापर्यंत पोचताना तीनदा बसलो. ज्या निवृत्त मंडळींना मी मनातल्या मनात म्हातारे म्हणत असे, ती मला ओलांडून गेली, वर 'सावकाश, सावकाश' असा धीरही देऊन गेली.

गुडघ्यांपेक्षा अवघड होते मौन. चोवीस वर्षे पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटे बोलण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने चौदा तास गप्प बसायचे! मी रविवारी घरी सराव सुरू केला. गच्चीत खुर्ची टाकून बसायचे, हलायचे नाही, बोलायचे नाही. सौभाग्यवती दोन रविवार काही म्हणाली नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "अहो, सांबर दिसो न दिसो, हे मात्र चालू ठेवा."

शिवाय माझा पहाटेचा खोकला. शिवाय, वयाचा मान राखून सांगतो, रात्री दोनदा उठावे लागते ते. डॉक्टरांनी खोकल्यावर औषध दिले आणि दुसऱ्या गोष्टीवर संध्याकाळनंतर पाणी कमी पिण्याचा सल्ला. त्यातही गंमतच, पाणवठ्यावर बसून तहानलेले राहायचे.

रंगीत तालीम म्हणून एप्रिलात सागरेश्वरला जाऊन आलो. सांगली जिल्ह्यातल्या या उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासाने झाडे उभी राहिली, हरणे सोडली गेली, आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरांचे, कुंपणातले. चितळे पाहिली. सांबर नाही. सांबर उन्हात सहसा हिंडत नाही, झाडीत पडून राहते. आणि मी पोचलो होतो दुपारी बाराला, मिसळ खाऊन. तालमीचा उपयोग हाच, की चुका घरच्या घरी राहतात.

मे महिन्यात निवडणुकीचे काम आले. सातारा-सांगलीचे मतदान ७ मे रोजी झाले, आणि केंद्रावरच्या त्या दोन दिवसांनी न झोपता एका जागी बसण्याचा सराव आपोआप घडला. मग यादी. मातकट रंगाचा सदरा. अत्तर, सुगंधी साबण दोन दिवस आधीपासून बंद. चिवडा नको, कुरकुरतो. प्लास्टिकची पिशवी नको, तिचा चुरचुर आवाज रात्री मैलभर जातो. भाकरी, लसणाची चटणी आणि गूळ, सुती फडक्यात बांधून.

कराड, शेडगेवाडी, कोकरूड, चरण, आरळा, मणदूर. ही नावे तात्यांनी मला निघताना ओळीने म्हणून दाखवली. त्यांना वाट तोंडपाठ होती. तुम्ही येता का, असे मी त्यांना विचारले होते. "मला दिसायचं नाही," एवढेच म्हणाले.

मणदूरला आमचे वाटाडे भेटले. पन्नाशीचे, बोलायला थोडके. राखीव रानासाठी जी गावे उठली, त्यांतल्या एका गावचे. मूळ घर रानात, आताची वस्ती खाली सपाटीला, आणि नोकरी पुन्हा त्याच रानात वाट दाखवण्याची. झोळंबीच्या रस्त्याला गाडी एका वळणावर आली, तेव्हा त्यांनी हात केला. एक आंब्याचे झाड आणि दगडी जोत्याच्या दोन ओळी. "हितं आमचं घर हुतं, सर."

"गाडी थांबवायची का?"

"नगं. रोजचंच हाय."

माझ्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते, आणि ते बरेच झाले. मौनाला तिथूनच सुरुवात झाली.

पाचला मचाणावर चढलो. गुडघ्यांनी लाज राखली. वाटाड्यांनी वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी चिमूटभर माती सोडली आणि समाधानाने मान हलवली. ऊन उतरले. शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेले. सातच्या सुमाराला पाच गवे आले. जणू आपल्याच मालकीचे तळे असल्यासारखे पाण्यात उभे राहिले आणि गेले. मग चंद्र वर आला आणि रातव्याने एकसुरी ठोका धरला. दहा वाजले. अकरा. पाय मुंग्यांनी भरले. खोकला छातीशी येऊन उभा राहिला; मी गुळाचा खडा तोंडात धरून त्याला परत पाठवले. बारानंतर मात्र एक भलताच विचार आला. आप्पा असेच बसले असतील. हाच महिना, हीच पौर्णिमा. शेजारी अकरा वर्षांचे तात्या, हलायचे नाही म्हणून हात मांडीखाली दाबून.

दोनच्या पुढे वाटाड्यांनी माझ्या गुडघ्यावर बोट टेकवले. मला काही दिसेना. मग झाडीचा एक तुकडा हलला, आणि त्याला कान होते. मादी. ती सावलीच्या कडेला इतका वेळ उभी राहिली, की मला ते झाडच वाटू लागले. एक पाऊल. थांबली. पुन्हा एक पाऊल. तिच्यामागून नर उतरला. केवढा मोठा! उभ्या घोड्याएवढा. पण शिकारकथांतली ती झाडासारखी शिंगे कुठे होती? डोक्यावर बोथट, लवदार दोन खुंट. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी उगवताना मखमलीत गुंडाळलेली असतात, हे मी शिकवले होते; मे महिन्यात तसे दिसेल, हे मात्र डोक्यात आले नव्हते. एखाद्या शूर सरदाराला पंचावर पाहावे तसे झाले.

मादीने पुढचा पाय आपटला. ती आता ओरडणार, सारे रान जागे होणार, असे वाटून माझा श्वास अडकला. वारा पडला होता. ती ओरडली नाही. नराने मान खाली घातली, आणि पाण्याचा आवाज आला. चुळूक, चुळूक. मचाणापर्यंत स्पष्ट. मी आकडे मोजू लागलो. का, ते मला सांगता येणार नाही. नव्वदाच्या पुढे चुकलो. तो प्याला, तोंड वर केले, ओठांवरून थेंब गळताना चांदण्यात दिसले, आणि पुन्हा प्याला. मग दोघे आली त्याच वाटेने गेली, मागे वळून न पाहता.

वाटाड्यांनी तक्त्यावर लिहिले: सांबर, नर १, मादी १, वेळ २.२०. मी डोळे पुसत होतो. ते त्यांनी पाहिले नाही, किंवा पाहून तसे दाखवले नाही.

(मावसभाऊ ऑक्टोबरात सात दिवस डोंगर तुडवून रिकाम्या हाताने परतला. एल्क दिसला, पण बार टाकण्याजोगा नीट उभा राहिला नाही, म्हणून सोडला. हे त्याने फोनवर सांगितले तेव्हा तात्या शेजारीच होते. "बरं केलंस," असे म्हणायला त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.)

मी साताऱ्याला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. तात्या पडवीत आरामखुर्चीत जागे होते. पाय धुवायच्या आधी मी त्यांच्यापाशी बसलो. गवे सांगितले, शेकरू सांगितले. त्यांना त्यात रस नव्हता.

"आलं?"

"आलं. नर होता. मोठा. मादीही होती."

"पाणी प्यालं?"

"प्यालं, तात्या."

"पोटभर?"

"दोनदा तोंड लावलं."

त्यांनी मान हलवली, उशी सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून सौभाग्यवतीला हाक मारली, "याला आधी जेवायला वाढ गं. रात्रभर बसलाय."