पिस्तुलाचा चाप हलका करावा काय?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आणि पिस्तूल हातात धरणारी तर सबंध भावकीत पहिली. "कळंबच्या कांद्या-बटाट्याच्या वावरात पिस्तुलाचे काय काम?" असे मला पुष्कळांनी विचारले आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. नेमबाजी हा खेळ आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तेव्हापासून माझ्यासारख्या मुलींना हा खेळ परका राहिलेला नाही.

परंतु दुसरा एक प्रश्न नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो. चाप जड लागतो, तर तो थोडा हलका करून घ्यावा काय? हे जमण्यासारखे आहे काय, आणि त्यात धोका किती? मी या प्रश्नाचे उत्तर आधी चुकीच्या वाटेने शोधले. म्हणून हा लेख.

चाप म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहू. पिस्तुलाच्या आत जोरकस स्प्रिंगने ताणलेला घोडा असतो. त्याच्या खाचेत पोलादाचा एक लहानसा दात अडकलेला असतो. आपण चाप दाबतो तेव्हा हा दात खाचेतून सरकतो, घोडा सुटतो आणि काडतुसावर आदळतो. हवेच्या पिस्तुलात काडतूस नसते, दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. पण अडकवून ठेवायचे आणि वेळ येताच सोडायचे, ही युक्ती तीच. आपल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्यासाठी लावलेला पिंजरा कोणी पाहिला नाही? आत शिरलेल्या जनावराच्या पायाखाली फळी दबली की दार खाली पडते. अडकण फार घट्ट असेल तर बिबट्या येऊन जातो आणि दार उघडेच राहते. फार सैल असेल तर कुत्र्याच्या धक्क्यानेही दार पडते. चापाचेही तसेच आहे.

मग चाप हलका हवासा का वाटतो? दहा मीटरच्या हवेच्या पिस्तूल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर रुंद असते. नळी केवळ एका अंशाने हलली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे सगळा कागदच चुकतो! जड चाप ओढताना मनगट हलते, नळी खाली जाते. तेव्हा हलका चाप हवा, ही इच्छा चुकीची नाही.

म्हणूनच खेळाच्या नियमांनी तिला मर्यादा घातली आहे. हवेच्या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो, तर २५ मीटरच्या पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम. तपासणी सोपी आहे. नळी आकाशाकडे सरळ उभी धरतात, चापाला वजन अडकवतात आणि ते टेबलावरून अलगद उचलतात. घोडा सुटला नाही तर पिस्तूल पास. ५० मीटरच्या फ्री पिस्तुलाला मात्र असे बंधन नव्हते. ऑलिंपिकमध्ये तो प्रकार २०१६ नंतर राहिला नाही.

आता माझी गोष्ट. वडिलांनी मला वापरलेले हवेचे पिस्तूल घेऊन दिले. त्याचा चाप मला जड वाटे. माझे मामा लेथवर काम करतात, त्यांच्या हाताला चांगले वळण आहे. "स्प्रिंगच तर आहे पोरी, लोण्यासारखा करून देतो," असे म्हणून त्यांनी एका संध्याकाळी पिस्तूल उघडले. आत काय केले ते मी येथे लिहीत नाही. कोणी तसे करू नये. चाप खरोखरच लोण्यासारखा झाला. चार दिवस माझे गुण वाढले आणि मी हुरळून गेले.

पाचव्या दिवशी कांद्याच्या चाळीमागे सराव चालला होता. धाकटी बहीण कागद बदलायला गेली होती. ती परत येण्याआधीच मी छर्रा भरला, ही माझी पहिली चूक. पिस्तुलाची मूठ टेबलाला जराशी टेकली आणि छर्रा सुटला. बोट चापावर नव्हते! तिच्या पायापासून वीतभर अंतरावर पत्र्याला भोक पडले. ती हसत होती. तिला काही कळलेच नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मामांना सांगितले तेव्हा तेही खाली बसले.

आमच्या प्रशिक्षकांनी ५०० ग्रॅमचे वजन लावून पाहिले. वजन टेबलावरून सुटण्याआधीच घोडा पडला, तिन्ही वेळा. म्हणजे स्पर्धेतही ते पिस्तूल बाद झाले असते. मग त्यांनी कारण समजावले. दात आणि खाच यांचा वरचा थर कठीण केलेला असतो. तो घासला गेला की आतले मऊ पोलाद उघडे पडते आणि रोज थोडे थोडे झिजते. आज नीट चाललेले पिस्तूल उद्या धक्क्याने सुटते. स्प्रिंग कमजोर केली तर घोड्याचा मारही कमी पडू शकतो, आणि मग काडतूस कधी उडते, कधी उडत नाही. एक भाग बदलला की बाकीच्या सर्वांचा हिशेब बिघडतो. मामांचा हात कुशल होता, पण हा हिशेब त्यांच्यापाशी नव्हता.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. माझे पिस्तूल हवेचे होते. पण काडतुसाच्या शस्त्राची दुरुस्ती वा फेरफार करणाऱ्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. ओळखीच्या फिटरकडून तसे काम करून घेणे हा गुन्हा ठरतो.

तेव्हा उत्तर असे: चाप हलका करणे शक्य आहे, पण घरी नव्हे. स्पर्धेच्या पिस्तुलांना बहुधा बनविणाऱ्यानेच चाप जुळवण्याचे स्क्रू दिलेले असतात. माहीतगाराच्या देखरेखीखाली तेवढेच फिरवावेत आणि दर वेळी वजन लावून पाहावे. त्यापुढचे काम परवानाधारक कारागिराचे. स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या पिस्तुलाचा चाप तर जड असलेलाच बरा. घाबरलेल्या माणसाचे बोट थरथरते, आणि त्याला विचार करायला क्षणभर तरी वेळ मिळावा लागतो.

आणि यंत्र कितीही उत्तम असले तरी सगळे यश त्यावर थोडेच अवलंबून असते? २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. त्याच मनू भाकर यांनी २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळविली.

माझ्या पिस्तुलाचे भाग बदलून घेतले. तो खर्च आईने कांद्याच्या पट्टीतून दिला, एका शब्दानेही बोलली नाही. चाप आता पूर्वीसारखाच जड आहे. मी रोज छर्रा न भरता, भिंतीकडे तोंड करून, तो सावकाश दाबण्याचा सराव करते. दोन महिन्यांत तो मला हलका वाटू लागला आहे. बदल पिस्तुलात झालेला नाही, माझ्या बोटात झाला आहे.